माझा पंप आणि पुढच्या वर्षी येणारी गाडी

मित्रांनो, मी एक पूलगाडी आहे आणि मी जुनी आहे. यातले पहिले माझे मत आहे. दुसरा सरकारी निर्णय आहे, आणि तो मी ऐन तारुण्यात असतानाच झाला होता.

पूलगाडी म्हणजे काय, ते आधी सांगते. मला खाली रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे आहेत आणि पाठीवर एक मिटलेला पूल आहे, चाकूचे पाते मुठीत मिटावे तसा. समोर ओढा, कालवा, खंदक काहीही आले की मी काठाशी उभी राहते, पूल वर उचलते, हवेत उलगडते आणि पलीकडच्या काठावर अलगद टेकवते. मग फौज त्यावरून पलीकडे जाते. सगळे गेले की पूल घडी करून पुन्हा पाठीवर. लोक मला ओलांडून जातात, पराक्रम करतात, पदके मिळवतात, आणि मी काठावरच असते. पण ज्याने पूल व्हायचे ठरवले त्याने पायाखाली येण्याचे वाईट वाटून घेऊ नये.

खोटे कशाला बोलू, माझा जन्मही वेळेवर झाला नाही. ज्या साहेबांनी माझी मागणी केली, त्यांचा मुलगा शिकून, त्याच खात्यात साहेब होऊन मला उतरवून घ्यायला आला. किंमत ठरली तेव्हा मी एक गाडी होते. बिल आले तेव्हा त्यात माझ्यासारख्या दोन सहज बसल्या असत्या. पण मला पाहून सगळे इतके हरखले की बिलाकडे कोणी नीट पाहिलेच नाही. बाळ घरी आल्यावर सुईणीशी कोणी घासाघीस करत नाही.

माझी उमेदीची वर्षे फार छान गेली. लढाईपेक्षा पुरातच माझा उपयोग जास्त झाला, हे मी अभिमानाने सांगते. एका पुरात एक अख्खी शाळा बाकांसकट माझ्या पुलावरून पलीकडे गेली. मागून एक म्हैस आली आणि बरोबर मध्यावर बसकण मारून बसली. तिला उठवायला कर्नलसाहेब स्वतः आले, शेपटी पिळली, विनंती केली, हुकूमही केला. शेवटी ती तिच्या मर्जीने उठली. त्या दिवशी मला कळले की जगात अधिकाऱ्यांचे न ऐकणारे कोणीतरी आहे.

त्या काळी माझी देखभाल मोठे फोरमन करत. उंच, हडकुळे, कानावर सदैव पेन्सिल. माझ्या इंजिनाचा आवाज ते घरी जेवताना ऐकत आणि घास हातात धरून म्हणत, "डावा पट्टा ओरडतोय." ते निवृत्त झाले तेव्हा वर्कशॉपची किल्ली त्यांच्या सुनेकडे आली. म्हणजे सून म्हणून नव्हे. ती रीतसर परीक्षा देऊन फोरमन झाली होती. तिला सगळे फोरमनबाई म्हणत. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि घरी स्वयंपाक करायचा. दोन्हींत त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. मोठे फोरमन निवृत्त झाले खरे, पण ते फक्त पगारापुरते. रोज सकाळी ते कुंपणापलीकडे येऊन उभे राहत.

"सूनबाई, तेल पाहिलंस?"

"पाहिलं, मामंजी."

"आणि डावा पट्टा?"

"मामंजी, तो मागच्या आठवड्यात नवा बसवलाय."

"नवा आहे म्हणूनच ओरडतोय. जुना निदान माझं ऐकायचा."

आणि मला चालवायचा तो मोठ्या फोरमनांचा धाकटा मुलगा, म्हणजे फोरमनबाईंचा दीर. त्याला सगळी छावणी 'सावकाश' म्हणायची. तो माझा वेग असा सांभाळायचा की एकदा पायी जाणाऱ्या एका आजोबांनी मागे वळून विचारले होते, "काय रे, बंद पडली का?" पण काठाशी मला उभी करावी ती त्यानेच. वीतभर पुढे नाही, वीतभर मागे नाही.

आता त्या निर्णयाविषयी. वर कुठेतरी ठरले की मी जुनी झाले, माझ्या जागी नवी गाडी घ्यायची. त्यासाठी समिती नेमली. नवी गाडी पुढच्या वर्षी येणार असे जाहीर झाले, आणि तेव्हापासून ती दर वर्षी पुढच्या वर्षी येत होती.

समितीचे अध्यक्ष होते, त्यांना समितीसाहेब म्हणत. माणूस गोड. गोड खायला मात्र त्यांना बंदी होती. साखरेचा त्रास होता, जेवणाची वेळ टळली की हात थरथरत. बैठकीत कोणालाही दुखवायचे नाही हा त्यांचा नियम. त्यामुळे एक सदस्य म्हणाला, नवी गाडी बर्फात चालली पाहिजे. लिहून घेतले. दुसरा म्हणाला, वाळवंटातही. लिहून घेतले. तिसरा म्हणाला, तिला पाण्यावर तरंगता आले पाहिजे. तेही लिहून घेतले. एका नवख्या सदस्याने विचारले, "गाडी तरंगणार असेल तर तिला पूल कशाला?" त्याची बदली झाली. कंपनीने गाडी आखली की नवी सूचना यायची, पुन्हा आखणी व्हायची, आणि दर आखणीला किंमत अशी वाढायची, जणू पावसाळ्यातले गवत.

या सगळ्यात माझे घोडे कुठे अडले, तर पंपापाशी.

माझा पूल उचलून धरतो तो तेलाच्या दाबाचा पंप. पूल अर्धा वर गेला की मधला खटका कोणीतरी खाली उभे राहून हाताने सोडावा लागतो, मग तो उलगडतो. त्या कामाला स्वतंत्र माणसाची जागा आहे, पण ती रिकामी; भरती नव्या गाडीबरोबर होणार होती. म्हणून पूल उचलायचा दांडा ओढायच्या फोरमनबाई, आणि खटका सोडायला सावकाशच खाली उतरायचा. तेवढा वेळ त्याच्या डोक्यावर माझा अख्खा पूल असे, आणि पुलाला आधार फक्त पंपाचा.

आणि पंप म्हातारा झाला होता. मागच्या वर्षी सरावात व्हायचे तेच झाले. सावकाश खाली, हात खटक्यावर, आणि पंपाचा दाब गेला. पूल हातभर खाली आला. सावकाशचे शिरस्त्राण चेपले, तो लोळत बाहेर पडला. आयुष्यात प्रथमच त्याने कुठली गोष्ट झटपट केली होती. फोरमनबाईंच्या हातातला दांडा सुटेना. बोटे एकेक करून सोडवावी लागली.

"वहिनी," तो धुळीत बसून म्हणाला, "घरी सांगू नका हं. बाबांना तर नाहीच."

"आणि तू पुन्हा खाली उतरणार?"

"मी नाही तर कोण? तुमच्या नवऱ्याला आणता? तो खटक्याला वर्गमूळ विचारेल."

त्या हसल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांनी नवा पंप मागितला. उत्तर आले: गाडी तपासणीत दर वर्षी उत्तम ठरत असल्यामुळे पंपाची गरज दिसत नाही. शिवाय नवी गाडी पुढच्या वर्षी येत आहे.

तर मित्रांनो, मी उत्तम कशी ठरत होते, ते सांगायलाच हवे. ते मोठ्या फोरमनांचे डोके. वार्षिक तपासणीच्या आधी ते मला हिरव्या रंगाचा जाड हात मारत, म्हणजे चिरा बुजत. आणि जिथे जिथे माझे तेल ठिबके, तिथे तिथे बरोबर खाली एकेक फुलझाडाची कुंडी ठेवत. थेंब कुंडीत पडे, फरशी कोरडी राही. तपासणीचे साहेब येत, कुंड्या बघून प्रसन्न होत आणि शेरा मारत, 'कर्मचाऱ्यांची बागकामाची आवड प्रशंसनीय.' एका वर्षी तर वर्कशॉपला छावणीतील सर्वोत्तम बागेची ढाल मिळाली. झाडे मात्र दर वर्षी मरत. त्याची चौकशी कधी झाली नाही. आमचे वर्कशॉप कधीही तपासणीत नापास झाले नव्हते, हा मोठ्या फोरमनांचा सगळ्यात मोठा दागिना होता, आणि निवृत्तीनंतरही त्या दिवसापुरते कुंड्या मांडायला ते आत येतच.

यंदाही आले. तपासणीच्या आदल्या दिवशी, दुपारची वेळ. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात कुंडी.

"मामंजी, यंदा कुंड्या नकोत," फोरमनबाई म्हणाल्या. "रंगही नको."

मोठ्या फोरमनांना वाटले, सून थकली आहे. "अगं, तू बस. मी करतो."

"नको म्हणजे नको. आहे तशी दिसू दे तिला."

"नापास होईल."

"होऊ दे."

मोठ्या फोरमनांनी कुंडी खाली ठेवली. आवाज चढला. "माझ्या हयातीत या वर्कशॉपवर ठपका आला नाही. आणि घरातलीच सून..."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, मामंजी? आपण झाकतो, ते पास करतात, आणि पंप येत नाही."

"चालतंय ना पण! इतकी वर्षं चाललं!"

सावकाश माझ्या पट्ट्याला वंगण लावत होता. त्याने वहिनीकडे पाहून मान हलवली: नको, नको. फोरमनबाईंनी खुंटीवरचे शिरस्त्राण काढले आणि सासऱ्यांच्या हातात दिले. चेपलेले.

"मागच्या वर्षी पूल खाली आला," त्या हळू म्हणाल्या. "हे कोणाच्या डोक्यावर होतं, विचारा."

मोठ्या फोरमनांनी विचारले नाही. ते शिरस्त्राण उलटेसुलटे करत राहिले. चेपल्या जागी अंगठा फिरवला. मग मुलाकडे न बघताच म्हणाले, "गाढवा, सांगायचं नाही?"

"तुम्ही ओरडला असतात."

"मग आता काय करतोय!"

आणि इतके बोलून त्यांनी कुंडी उचलली, छातीशी धरली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. सावकाश मदतीला धावला तर म्हणाले, "हात लावू नको. मीच ठेवल्यात, मीच उचलणार." शेवटची कुंडी बाहेर गेली तेव्हा माझ्याखाली पहिला थेंब टपकन फरशीवर पडला. मला लाज वाटली आणि हायसेही वाटले.

दुसऱ्या दिवशी समितीसाहेब सगळ्या समितीसह हजर झाले. यंदा तपासणीबरोबर आणखी एक थाट होता: नवी गाडी आली होती! कालव्यापलीकडच्या मैदानावर तिचे प्रात्यक्षिक होणार होते. त्या मैदानाला तीन बाजूंनी कालवा आणि चौथ्या बाजूला दलदल. जायला-यायला एकच दगडी मोरी, कालव्यावरचा छोटासा पूल. तिकडे मांडव होता, खुर्च्या होत्या. जेवण मात्र अलीकडे, छावणीच्या भोजनगृहात.

आधी माझी पाळी. समितीसाहेबांनी चष्मा पुसला आणि फरशीकडे पाहिले.

"हे काय?"

"तेल, साहेब," फोरमनबाई म्हणाल्या.

"मागच्या वर्षी नव्हतं."

"मागच्या वर्षीही होतं. वर फुलं होती."

समितीत कुजबुज झाली. फोरमनबाईंनी पंपाची सगळी कथा सांगितली, शिरस्त्राण दाखवले. समितीसाहेबांचा चेहरा खरोखर उतरला. ते सावकाशला म्हणाले, "तुम्हाला लागलं नाही ना?" मग त्यांनी हिशेबाच्या साहेबांकडे पाहिले. हिशेबाचे साहेब म्हणजे सडपातळ, नियमांचे पक्के. ते म्हणाले, "गाडी धोकादायक आहे, म्हणजे नापास. नापास गाडीवर खर्च करता येत नाही. भंगारात काढावी लागेल."

"आणि पास असती तर?" फोरमनबाईंनी विचारले.

"तर पंपाची गरज नव्हती."

इकडे आड आणि तिकडे विहीर ऐकले होते. इथे दोन्हींचा मालक एकच होता. शिपायाने लाल खडूने माझ्या कपाळावर मोठी फुली मारली. समिती गाड्यांत बसून मोरीवरून पलीकडे गेली. फोरमनबाई माझ्या पट्ट्यावर टेकून बसल्या. मोठे फोरमन त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

थोड्या वेळाने सासरे म्हणाले, "सूनबाई, नापास झालो ना आपण?"

"झालो, मामंजी."

"मला वाटलं होतं, याहून वाईट वाटेल."

तेवढ्यात नवी गाडी आली. काय तिचा रुबाब! रंग असा की नजर ठरेना, आत थंड हवा, पुढे पडदा, आणि तो पडदा बोलायचा. बर्फासाठी एक यंत्र, वाळवंटासाठी एक, तरंगण्यासाठी पोटाला फुगे. या सगळ्यामुळे ती इतकी वजनदार झाली होती की तिच्यापुढे मी काडीपैलवान. कंपनीची तरुण इंजिनियर ती चालवत होती. जाड चष्म्यामुळे तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिने मोरीवर पुढचे पट्टे ठेवले. मोरी म्हणाली, कर्र. चष्मेवाली हुशार, तिने तत्क्षणी गाडी मागे घेतली. गाडी वाचली. मोरी मात्र शांतपणे, एखाद्या म्हाताऱ्याने खाली बसावे तशी, कालव्यात बसली.

धूळ खाली आली तेव्हा नवी गाडी अलीकडे होती, मी अलीकडे होते, जेवण अलीकडे होते, आणि समिती पलीकडे होती.

पलीकडून समितीसाहेबांनी हातांचा कर्णा केला. "घाबरू नका! नव्या गाडीचा पूल टाका!"

चष्मेवाली खाली उतरली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "साहेब, पूल दुसऱ्या टप्प्यात आहे!"

"काय?"

"पूल! पुढच्या वर्षी येणार! खर्च वाढला म्हणून आपणच दोन टप्पे केलेत, साहेब! फुग्यांची हवाही दुसऱ्या टप्प्यात! पहिल्या टप्प्यात फक्त गाडी!"

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पलीकडे सदस्य एकमेकांकडे बघू लागले. 

"मग जुनीचा टाका!" हिशेबाचे साहेब ओरडले.

सावकाश उठलाच. "वहिनी, टाकूया. एकदाच तर उतरायचंय खाली. साहेबांचे हात थरथरायला लागलेत बघा."

फोरमनबाईंनी पलीकडे पाहिले. समितीसाहेब खुर्चीवर बसले होते. बाईंनाही त्यांची कीव आली. पण त्या म्हणाल्या, "त्या पंपावर तू खाली उतरणार नाहीस."

"पण वहिनी..."

"सूनबाई म्हणते ते ऐक," मोठे फोरमन कडाडले. असा आवाज मी त्यांच्या तरुणपणानंतर ऐकला नव्हता.

फोरमनबाई काठाशी गेल्या. "साहेब, गाडीवर लाल फुली आहे! नापास गाडी वापरता येत नाही!"

"फुली रद्द!" समितीसाहेब बसल्या जागेवरून म्हणाले.

"पंपही नाही, साहेब!"

इथे चष्मेवाली फोरमनबाईंच्या कानाला लागली. "बाई, पंप आहे. माझ्या गाडीत. पहिल्या टप्प्यातच आलाय, कोरा करकरीत. आणि नवी गाडी आखताना आम्ही तुमच्या गाडीचीच मापं घेतली होती. तिथे बसायला तो नाही म्हणणार नाही."

"तुमची कंपनी रागवेल."

"रागवेल. पण पूल नसलेल्या गाडीत पंप ठेवून मी तरी काय उचलू? माझं मन?"

फोरमनबाई पहिल्यांदा हसल्या. मग पुन्हा ओरडल्या, "साहेब, नव्या गाडीचा पंप काढून जुनीला बसवते! परवानगी द्या!"

"दिली!"

"तोंडी चालत नाही, साहेब! लेखी लागतं! सगळ्या सदस्यांच्या सह्या लागतात!"

मोठे फोरमन गालात हसले. आणि मित्रांनो, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदाच सगळ्यांच्या ध्यानात आली. समितीचे सगळे सदस्य एका जागी होते. कोणी दौऱ्यावर नव्हते, कोणी रजेवर नव्हते, कोणाला दुसरी बैठक नव्हती, आणि कोणाला कुठे जाताही येत नव्हते. हिशेबाच्या साहेबांनी 'अंदाजपत्रकातली तरतूद' म्हणायला तोंड उघडले, भोजनगृहाच्या धुराड्याकडे पाहिले आणि तोंड मिटले. मग म्हणाले, "नियम आहे. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भाग हलवणं याला खर्च म्हणत नाहीत." जो विषय वर्षानुवर्षे टेबलांवरून फिरत होता, तो चहा पिण्याइतक्या वेळात मंजूर झाला, तोही चहाशिवाय.

कागद दगडाला गुंडाळून समितीच्या शिपायाने अलीकडे भिरकावला. तो पाण्यात पडला. दुसरा लिहिला, पुन्हा सह्या झाल्या. हा सावकाशने धावत जाऊन झेलला.

मग काय वर्णावे! चष्मेवाली नव्या गाडीच्या पोटात, फोरमनबाई माझ्या पोटात, सावकाश दोघींच्या मध्ये पाने-पक्कड पुरवायला. मोठे फोरमन कुंपणाच्या आत, माझ्याखाली उताणे झोपून नळीवर हात ठेवून होते.

"वायसर उलटा बसवू नकोस, सूनबाई."

"मामंजी, मी परीक्षा पास झालेय."

"मी न देता पास झालो. वायसर बघ."

फोरमनबाईंनी बघितला. सुलटाच होता. "सुलटाच आहे!"

"मग बरं," मोठे फोरमन म्हणाले. "सांगणं माझं काम."

पंप बसला. इंजिन सुरू झाले. तेल नळ्यांतून धावले आणि, काय सांगू, मला पहिल्या पुराची आठवण झाली. सावकाशने मला काठाशी नेऊन उभी केली. फोरमनबाईंनी दांडा ओढला. पूल उठला, अर्ध्यावर थांबला, आणि थांबला म्हणजे थांबलाच. देवळाच्या कळसासारखा निश्चल. फोरमनबाई दांडा धरून मोठ्याने म्हणाल्या, "थांब! कोणी खाली जायचं नाही!" त्या तशाच उभ्या राहिल्या. मोठे फोरमन नळीवर कान लावून होते. सगळा काठ वाट पाहत होता. पलीकडे समितीही.

"एक थेंब नाही," शेवटी मोठे फोरमन म्हणाले. मग स्वतः उठले, नवे शिरस्त्राण घेतले आणि मुलाच्या डोक्यावर बसवले, पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळला, लहानपणी टोपी बांधत असतील तसा. "जा. सावकाश जा."

तो गेला. खाली उभा राहिला. हात वर करून खटका सोडला. आणि मी उलगडले! दोन्ही पाती आकाशात पसरली, उन्हात चमकली, आणि पलीकडच्या काठावर मी अशी टेकले की तिथल्या गवताची काडी वाकली नाही. सगळ्या छावणीने टाळ्या वाजवल्या. भोजनगृहातले आचारी बाहेर येऊन पातेली वाजवू लागले. समितीच्या गाड्या माझ्यावरून अलीकडे आल्या. पहिल्या गाडीतून समितीसाहेब उतरले. नवऱ्याने डब्यातून पाठवलेला फराळ फोरमनबाईंनी त्यांच्या हातात दिला. चार घास खाल्ल्यावर हात स्थिर झाले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, माझ्या कपाळावरची फुली स्वतः पुसली आणि रुमाल लाल झालेला पाहून म्हणाले, "बाई, पुढच्या तपासणीला मला आधी गळती दाखवायची. फुलं नंतर."

हिशेबाचे साहेब म्हणाले, "तसा नियम करावा लागेल."

"करा," समितीसाहेब म्हणाले. "आणि खटका सोडायच्या माणसाची जागा आजच भरा. गाडीची वाट बघत माणसं ठेवायची नाहीत."

त्या संध्याकाळी सावकाशने मला वर्कशॉपमध्ये नेले, आणि मी सांगते, तो जोरात चालवत होता. कुंपणाशी मोठे फोरमन उभे होते. त्यांनी हात वर केला. सलाम मला होता की मुलाला, ते मी विचारले नाही.

मित्रांनो, माझी नवी मैत्रीण, ती नवी गाडी, आता माझ्या शेजारच्या खोलीत आहे. स्वभावाने चांगली आहे. थंड हवेत बसून वाट बघते. तिचा पूल दुसऱ्या टप्प्यात येणार आहे आणि पंप आता तिसऱ्या. मी तिला सांगते, बाई, घाबरू नकोस, तू आलीस की मी आनंदाने बाजूला होईन. तोवर पूर आला तर मी आहे.

तुमच्याही घरात एखादे यंत्र असेल, एखादे माणूस असेल, जे रोज मुकाट्याने काम करते आणि ज्याच्याविषयी तुम्ही म्हणता, चालतंय की. त्याच्यापाशी एकदा खाली वाकून बघा. काही ठिबकत असेल तर झाकू नका, आणि कोणी झाकलेले असेल तर रागावू नका. हाताला धरून, मिळून उघडा. मग जो भाग बदलायचा तो बदला, आज, पुढच्या वर्षी नाही.

परवाच पुन्हा पूर आला होता. फोरमनबाईंनी दांडा ओढला, पूल उठला. खाली आता नवा माणूस असतो. सावकाश आपल्या आसनावर बसून शीळ घालत होता. मी पलीकडच्या काठाला टेकले, आणि माझ्यावरून माणसांची रांग सुरू झाली.